पॉलिहाऊस करू का शेडनेट? आधी माठाला विचारा



गेल्या दोन महिन्यांत पेजवर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच: "पॉलिहाऊस करू का शेडनेट?" कुणी लातूरहून विचारतंय, कुणी दापोलीहून, कुणी निफाडहून. प्रश्न तोच, पण गाव बदललं की उत्तर बदलतं. एकेकाला इनबॉक्समध्ये सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे. ज्यांच्या हातात कोटेशन आहे त्यांनी पूर्ण वाचा, बाकीच्यांनी सवडीनं वाचा.

मला कुणी हा प्रश्न विचारला की मी आधी उलट चार प्रश्न विचारतो. पीक कोणतं? ते कोणत्या महिन्यात रानात असणार? तुमच्याकडं त्या पिकाला नेमकं कोण छळतं: ऊन, पाऊस, थंडी, वारा का किडी? आणि विहिरीचं किंवा बोअरचं पाणी कसलं? बहुतेकांकडं पहिल्याचं उत्तर तयार असतं, बाकी तिन्हीचं नसतं. कोटेशन मात्र आलेलं असतं.

घरचंच उदाहरण सांगतो

आमचं गाव सांगोला तालुक्यात, डाळिंबाच्या पट्ट्यात. आधी तेल्या, मग मर, मग खोडाला बारीक भोकं पाडणारा पिनहोल बोरर. आमची अडीच एकर बाग शेवटी जेसीबी लावून काढावी लागली. थोरल्या भावाचा मुलगा पुण्यात कंपनीत होता, तो नोकरी सोडून गावी आला. पोरगं हुशार आहे आणि अंगाला माती लागली तरी कुरकुरत नाही. त्यानं २० गुंठे पॉलिहाऊसचं कोटेशन आणलं, रंगीत ढोबळी मिरचीसाठी. सांगाडा, प्लॅस्टिक, ठिबक, फॉगर, बेडची माती, रोपं सगळं धरून २८ लाख. निम्मे पैसे अनुदानातून येतील असा त्याचा हिशेब. उरलेल्याला आणि अनुदान हातात पडेपर्यंतच्या मधल्या पैशाला बँकेचं कर्ज. म्हणजे सात-बारावर बोजा. बागायत म्हणावी अशी आमच्याकडं आता तीन एकरच राहिलीय.

वहिनी एवढंच म्हणाल्या, "बाग गेली ती गेली, आता रान तरी राहू द्या." दादा काहीच बोलले नाहीत. पुतण्या मला म्हणाला, "नाना, तुम्ही सांगा. पण नुसतं नको म्हणू नका. का नको ते आकड्यात सांगा."

त्याचं म्हणणं मला पटलं. पुढचा महिनाभर आम्ही चुलते-पुतणे मोजमापं घेत हिंडलो. त्यातून जे कळलं ते खाली लिहितोय.

छत काय अडवतं आणि काय वाढवतं

पॉलिहाऊसचं प्लॅस्टिक पाऊस अडवतं. हे त्याचं पहिलं काम आणि ते काम दुसरं कुणी इतकं चांगलं करत नाही. ऊन मात्र ते फारसं अडवत नाही; प्रकाशाचा मोठा भाग आत येतो, माती आणि पानं तापतात, आणि तापलेली हवा छताखाली कोंडून राहते. वरची झडप म्हणजे टॉप व्हेंट आणि बाजूचे पडदे उघडे ठेवून ती हवा बाहेर काढायची असते. वर आणि बाजूला मिळून उघडणारी जागा जमिनीच्या क्षेत्राच्या निदान २५ टक्के तरी हवी. त्यात आपण त्या उघड्या जागेवर ४० मेशची किडरोधक जाळी लावतो. जाळी जितकी बारीक तितकी हवा कमी. किडी अडवायच्या तर हवा अडते, हवा मोकळी सोडायची तर किडी येतात. फुलकिडे तर ४० मेशमधूनही शिरतात.

थंडीबद्दल एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. पॉलिहाऊस म्हणजे रात्रीही उबदार, असं धरून चालतात. साधी पॉलिथिन फिल्म रात्रीची उष्णता धरून ठेवत नाही, जमिनीची ऊब त्यातून आरपार निघून जाते. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री आतलं तापमान बाहेरच्याइतकंच उतरू शकतं, कधी थोडं खालीही जातं. त्यामुळं निफाडच्या थंडीसाठी कुणी पॉलिहाऊस करत असेल तर साधी फिल्म की उष्णता धरणारी थर्मिक फिल्म, हे आधी विचारून घ्या.

शेडनेट याच्या उलट. ते ऊन कमी करतं, हवा खेळती ठेवतं, गारपिटीचा आणि पावसाच्या थेंबांचा मार थोडा हलका करतं. पण पाऊस अडवत नाही. सलग आठ दिवस झड लागली की आतली पानंही ओलीच राहतात आणि करपा आत येतो. नेट किती टक्क्याचं यालाही महत्त्व आहे. ५० टक्क्याचं नेट एप्रिलमध्ये बरं वाटतं, तेच डिसेंबरात मिरचीला अंधार करतं. काळं नेट स्वतः तापतं. पांढरं नेट प्रकाश पसरवून देतं.

म्हणजे प्रत्येक छत एक त्रास कमी करतं आणि दुसरा थोडा वाढवतं. आपल्या गावात कोणता त्रास मोठा आहे, ते आधी कळायला पाहिजे.

माठाची परीक्षा

ढोबळी मिरचीला दिवसा २१ ते २८ अंश मानवतं, रात्री १६ ते १८. दिवसाचं तापमान ३२-३५ च्या वर जायला लागलं की फूलगळ सुरू होते, परागकण नीट तयार होत नाहीत, फळं वेडीवाकडी होतात. आता आमच्याकडचं बघा. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी अडीचला सावलीत ४१ अंश. त्याच आठवड्यात शेजारच्या गावातल्या एका ओळखीच्यांच्या पॉलिहाऊसमध्ये आम्ही थर्मामीटर टांगला. बाहेर ४०, आत ४५. पडदे सगळे उघडे होते.

पुतण्या म्हणाला, "नाना, म्हणून तर फॉगर आहेत. फॅन-पॅड पण करता येतंय."

बरोबर आहे त्याचं. पण फॉगर असो की फॅन-पॅड, दोन्ही थंडावा देतात तो माठाच्या नियमानं. माठातून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते, वाफ होताना उष्णता ओढून घेतली जाते आणि आतलं पाणी गार होतं. उन्हाळ्यात सोलापूर भागात माठाचं पाणी दात शिवशिवण्याइतकं गार होतं. तोच माठ जुलैत कोकणात नेऊन ठेवा, पाणी कोमटच राहील, कारण तिथली हवा आधीच पाण्यानं भरलेली असते, तिला आणखी वाफ घेता येत नाही.

हे मोजायला मोठं यंत्र लागत नाही. दोन साधे थर्मामीटर घ्या. एकाच्या टोकाला ओलं मलमलचं फडकं गुंडाळा. दोन्ही सावलीत टांगा आणि पाच मिनिटं पुठ्ठ्यानं वारा घाला. कोरड्या थर्मामीटरचा आकडा म्हणजे तुमची हवा. ओल्याचा आकडा म्हणजे पाण्यानं ती हवा जास्तीत जास्त किती गार करता येईल त्याची मर्यादा. त्याच्याखाली कुठलाही फॉगर नेऊ शकत नाही, विकणारा काहीही सांगो. चांगलं पॅड त्या दोन आकड्यांमधलं साधारण ८० टक्के अंतर कापतं.

आमच्याकडं त्या दुपारी कोरडा ४१, ओला २३. फरक १८ अंशांचा. म्हणजे हवेच्या बाजूनं बघितलं तर फॅन-पॅड आमच्याकडं चांगलं चालेल. हे मी पुतण्याला मोकळेपणानं सांगितलं.

माझ्या धाकट्या बहिणीचं सासर चिपळूणला. मेव्हण्यांना फोन करून तिथंही हाच प्रयोग करायला लावला. मेमध्ये कोरडा ३५, ओला २८. जुलैत कोरडा २९, ओला साडेसत्तावीस. जुलैत तिथं फॉगर लावला तर दीड अंशासाठी पानं ओली करायची आणि बुरशीला आवतण द्यायचं. कोकणातल्या मित्रांनो, तुमच्या पावसाळ्यातल्या भाजीला यंत्रानं गारवा देण्याच्या भानगडीत पडू नका. तुम्हाला वरून प्लॅस्टिक आणि चारी बाजू मोकळ्या असा साधा पाऊस-निवारा हवा. तुमचा शत्रू पाऊस आहे.

पाणी कसलं आहे?

हवेच्या परीक्षेत पॉलिहाऊस पास झालं. पुतण्या खूश झाला. मग आम्ही बोअरचं पाणी तपासायला दिलं. ईसी आला २.१.

ढोबळी मिरची खाऱ्या पाण्याला टोमॅटो किंवा काकडीपेक्षा नाजूक आहे. पाण्याचा ईसी १ च्या वर गेला की मिरचीचं उत्पादन घटायला लागतं असं धरतात. टोमॅटो आणि काकडी १.७ पर्यंत निभावतात. जरबेरा तर याहून हळवा.

आता हा हिशेब आम्ही कागदावर केला, तुम्हीही करा. ईसी १ म्हणजे लिटरमागं ढोबळमानानं ६४० मिलिग्रॅम क्षार. २.१ म्हणजे लिटरला साधारण १.३४ ग्रॅम. दहा गुंठ्यातल्या मिरचीला दिवसाला सरासरी २,५०० लिटर पाणी धरलं तर रोज सव्वातीन किलोच्या वर क्षार आपण बेडवर टाकतो. २०० दिवसांत साडेसहाशे किलोच्या वर. यात आपण दिलेल्या विद्राव्य खतांचे क्षार धरलेलेच नाहीत.

उघड्या रानात किंवा शेडनेटखाली हे क्षार पावसाच्या पाण्यानं काही प्रमाणात खाली धुऊन जातात. पॉलिहाऊसच्या जमिनीवर पाऊस पडतच नाही. वर्षानुवर्षं तेच बेड, तेच पाणी. पहिलं वर्ष झकास जातं, तिसऱ्या वर्षी पानांच्या कडा जळायला लागतात आणि मग आपण औषधवाल्याकडं पळतो. शिवाय खारं पाणी फॉगरमधून उडवलं की पानावर पांढरा थर बसतो आणि नोझल तुंबतात. म्हणजे हवेनं फॉगरला हो म्हटलं, पण पाण्यानं नाही म्हटलं. त्यात शेतीची लाईट पाळीनं येणार. दुपारी दोनला फॅन हवा आणि त्या आठवड्यात लाईट रात्रीची असली तर जनरेटरचं डिझेल धरावं लागतं.

इथं पुतण्यानं मला अडवलं. म्हणाला, "पण नाना, पॉलिहाऊसचं छतच पाणी गोळा करतंय की." आणि त्याचा मुद्दा खरोखर दमदार होता. दहा गुंठे म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटर छत. त्यावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर ५ लाख लिटर पाणी. सांड-लवंड धरून ४ लाख तरी गटरमधून शेततळ्यात जाईल. पावसाचं पाणी गोडं, बोअरच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळलं तर ईसी १ च्या जवळ येतो. म्हणजे ४ लाखांत ८ लाख लिटर वापरण्याजोगं पाणी.

ज्यांच्याकडं बोअर खारं आहे आणि पॉलिहाऊस करायचंच आहे, त्यांनी हा मुद्दा डोक्यात कोरून ठेवा. गटरचं पाणी ओढ्याला सोडून देणं म्हणजे वर्षाचं औषध फेकून देणं. सांगाड्याच्या कोटेशनसोबत अस्तराच्या शेततळ्याचा खर्चही धरायचा, नाहीतर हिशेब अर्धा राहतो.

आमची अडचण वेगळी होती. आमच्या भागाचा वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. दुष्काळाच्या वर्षी तो निम्म्यावर येतो. त्या वर्षी शेततळं अर्धं, बोअर आणखी खारं आणि बँकेचा हप्ता मात्र पूर्ण.

वारा

सांगोल्याच्या पश्चिमेला, कवठेमहांकाळ तालुक्यात ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा दिवस-रात्र असतो, आणि त्याआधी एप्रिल-मेमध्ये वळवाचं वादळ केव्हा उठेल याचा नेम नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरला डुलणारं प्लॅस्टिक ८० ला चौपट ओढलं जातं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. किनाऱ्यापासून आत, घाट चढून मावळ-जुन्नरपर्यंत त्यानं पॉलिहाऊस फाडली, वाकवली. तिथले शेतकरी नवखे नव्हते, वर्षानुवर्षं गुलाब आणि जरबेरा करणारे होते. वादळ रोज येत नाही हे खरं, पण विमा आणि पाया या दोन गोष्टींत पैसे वाचवायचे नसतात.

वाऱ्यासाठी काय बघायचं ते थोडक्यात:

गटरची दिशा साधारण उत्तर-दक्षिण ठेवा आणि टॉप व्हेंटचं तोंड पूर्वेला ठेवा. आपल्याकडं पावसाळी वारा पश्चिमेचा. तोंड पश्चिमेला ठेवलं तर वारा थेट आत घुसून छत उचलतो, आणि पाऊसही आत येतो.

पाइप गरम जस्तलेपाचेच घ्या, खांबाच्या पाइपची भिंत २ मिलिमीटर आहे का ते स्वतः कॅलिपर लावून मोजा. कोटेशनवर २ लिहिलेलं असतं, ट्रकमधून उतरताना बघायचं. पायाचे खड्डे तुमच्या समोर भरले गेले पाहिजेत.

पश्चिमेच्या बांधावर शेवरी, सुरू किंवा गिरिपुष्पाची दाट ओळ छत उभारण्याच्या आधीच्या पावसाळ्यात लावा. झाडाच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वारा कमी लागतो. फार जवळ लावलीत तर दुपारनंतर सावली पडेल, तेवढं अंतर सोडा.

दुसऱ्या गावांचं काय?

मावळ-तळेगाव पट्ट्यात पॉलिहाऊस टिकलं त्याला कारण आहे. उंची, सौम्य उन्हाळा, गार रात्री, पावसाचं भरपूर आणि गोडं पाणी, आणि पुणे-मुंबईचा बाजार हाताशी. गुलाबाला आणि जरबेऱ्याला जी हवा लागते ती तिथं बरीचशी फुकट मिळते, पावसापासून तेवढं वाचवायचं असतं. तिथलं यश बघून जालन्यात किंवा सांगोल्यात तोच सांगाडा उभा केला तर सांगाडा तोच राहतो, हवा बदलते.

नाशिक-सांगलीतल्या द्राक्षवाल्यांचं छत बघा. त्यांना नको आहे तो अवकाळी पाऊस, तोही फुलोऱ्यात आणि मणी भरताना. त्यांनी चारी बाजू बंद केल्या नाहीत, नुसतं ओळीवर प्लॅस्टिक घातलं. एक त्रास ओळखला, तेवढ्यालाच औषध दिलं.

विदर्भात मेमध्ये ४५ च्या पुढं पारा जातो. तिथं उन्हाळी रोपवाटिकेला शेडनेट म्हणजे जीवदान. आणि ज्यांना जानेवारीत कलिंगड-खरबूज लावून थंडी आणि किडीपासून पहिले तीन-चार आठवडे रोप सांभाळायचंय, त्यांनी ना पॉलिहाऊस करावं ना शेडनेट. तारेच्या कमानीवर पातळ क्रॉप कव्हर टाका. काम तेवढंच आहे.

पैशाचं

अनुदान ५० टक्के म्हणजे तुमच्या कोटेशनच्या ५० टक्के नव्हे. शासनानं चौरस मीटरमागं जो मापदंड ठरवलाय त्याच्या ५० टक्के. कोटेशन मापदंडापेक्षा जास्त असेल तर वरचा सगळा फरक आपला. क्षेत्राची मर्यादा आणि मापदंड अधूनमधून बदलतात, म्हणून ऐकीव आकडा धरू नका, सहायक कृषी अधिकाऱ्यांकडून चालू वर्षाचा घ्या. महाडीबीटीवर अर्ज, मग पूर्वसंमती, मग काम, मग मोका तपासणी, मग पैसे. पूर्वसंमतीच्या आधी खड्डे खणले तर अनुदानाचा मार्ग अडतो. आणि मधल्या काळात व्याज आपल्यालाच भरायचं असतं.

दुसरा खर्च म्हणजे फिल्म. २०० मायक्रॉनची फिल्म चौरस मीटरला साधारण १८४ ग्रॅम भरते. छत आणि बाजू मिळून जमिनीच्या दीडपट फिल्म धरा. दहा गुंठ्याला १,५०० चौरस मीटर, म्हणजे पावणेतीनशे किलो. त्याला आजचा किलोचा भाव लावा आणि मजुरी धरा. हा खर्च साधारण तीन वर्षांनी परत येतो. गंधकाची औषधं वारंवार मारली तर फिल्म त्याआधीच ठिसूळ होते. भुरीसाठी गंधक मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

हे सगळं एका वहीत लिहून आम्ही घरात ठेवलं. एका पानावर चांगलं वर्ष, एका पानावर मधलं, एका पानावर दुष्काळाचं. दुष्काळाच्या पानावर हप्ता बसत नव्हता. दादांनी तेवढं एकच पान दोनदा वाचलं.

आम्ही काय केलं

पॉलिहाऊस नाही केलं. दहा गुंठे शेडनेट केलं, पांढरं, ३५ टक्क्याचं, बाजूनं ४० मेशची जाळी, दाराला दुहेरी पडदा. त्याच्या आधी अस्तराचं शेततळं केलं, ते सप्टेंबरात ओढ्याच्या पाण्यानं भरून घेतो आणि बोअरच्या पाण्यात मिसळतो. कर्ज झालं, पण ते रान गहाण न टाकता भागलं.

लागवड जुलैच्या शेवटी. म्हणजे झाड मोठं होईपर्यंत उन्हाळा संपलेला, मुख्य तोडे ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, जेव्हा आमची हवा मिरचीला आपोआप मानवते. आमच्या हिवाळ्यातली रात्र फार गार नसते, त्यामुळं थंडी अडवायची गरज नाही. मार्चअखेर पीक काढून टाकायचं. एप्रिल-मेमध्ये बेड भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून पाच-सहा आठवडे माती तापवायची. सूत्रकृमी आणि मररोगाच्या बुरशीवर आमच्या मेच्या उन्हासारखं स्वस्त औषध नाही. ज्या उन्हाशी लढायला फॉगर आणणार होतो, त्यालाच कामाला लावलं.

पहिल्या हंगामात सगळं गोड झालं असं सांगणार नाही. सप्टेंबरच्या अखेरीला नऊ दिवस झड लागली, करपा आला, जवळजवळ दोन तोड्यांचा माल खराब झाला. पुतण्या म्हणाला, "नाना, वर प्लॅस्टिक असतं तर हे झालं नसतं." मी म्हणालो, "नसतंच झालं." खोटं कशाला बोलायचं? शेडनेटची ती किंमत आहे आणि ती आम्ही वहीत आधीच लिहिली होती. पण फुलकिडे आणि विषाणूचा त्रास शेजारच्या उघड्या रानापेक्षा कमी राहिला, कडा जळालेलं पान एकही दिसलं नाही, आणि हप्ता वेळेवर गेला.

आता त्याचं म्हणणं आहे की पुढच्या वर्षी चार गुंठ्यांवर वरून प्लॅस्टिक, बाजू मोकळ्या असा पाऊस-निवारा करून बघू, त्याचंच पाणी शेततळ्यात घेऊ. याला माझी हरकत नाही. चार गुंठे आपल्या पैशात होतात, आणि वादळात गेले तरी रान राहतं. वहिनींनी फक्त विचारलं, "कर्ज नाही ना?" नाही म्हटल्यावर त्यांचीही संमती मिळाली.

कोटेशन मागवायच्या आधी

मंडळी, एवढं करा, मग कंपनीच्या माणसाला घरी बोलवा:

१. पिकाचं नाव आणि ते रानात असण्याचे महिने कागदावर लिहा. त्या महिन्यांतलं तुमच्या गावचं दुपारचं आणि पहाटेचं तापमान निदान एक वर्ष स्वतः टिपा. जिल्ह्याच्या सरासरीवर भरवसा ठेवू नका.

२. ओल्या फडक्याचा थर्मामीटर एप्रिल, मे आणि ऑगस्टमध्ये वापरून बघा. फरक १० अंशांच्या वर असेल तर पाण्यानं गारवा मिळेल. ४-५ च्या आत असेल तर फॉगरचे पैसे वाचवा.

३. माती आणि पाणी तपासा. पाण्याचा नमुना पावसाळ्यात नाही, उन्हाळ्याच्या शेवटी घ्या. तेव्हाचा ईसी खरा.

४. ऊन, पाऊस, थंडी, वारा, किडी या पाचांना तुमच्या पिकासाठी क्रम लावा. पहिल्या दोघांसाठीच छत निवडा. पाचही एकदम अडवणारं छत आपल्या खिशात बसणारं नसतं.

५. तुमच्याच तालुक्यातली, निदान तीन वर्षं जुनी दोन पॉलिहाऊस आणि दोन शेडनेट बघून या. नवीन बघून काही कळत नाही. फिल्म बदलली का, बेडवर पांढरं येतं का, हे मालकाला विचारा. बंद पडलेलं एखादं असेल तर तिथं आधी जा.

६. प्रशिक्षण घ्या. तळेगाव दाभाडेला राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्था आहे, तिथं हरितगृहाचे वर्ग असतात. पाच-सहा दिवस घरापासून लांब राहावं लागेल, पण २८ लाखांच्या कागदावर सही करण्याआधी तेवढं चालतं.

७. वाईट वर्षाचं पान लिहा. त्या पानावर हप्ता बसला तरच पुढं जा.

ज्या कृषी पदवीधर मित्रांना यात काही दुरुस्ती सुचवायची आहे त्यांनी मोकळेपणानं लिहा, विशेषतः खाऱ्या पाण्यावर मिरचीऐवजी काकडी घेण्याबद्दल कुणाचा अनुभव असेल तर हवा आहे. आणि ओल्या फडक्याचा प्रयोग केलात तर गावाचं नाव, महिना, कोरडा आकडा, ओला आकडा एवढं खाली टाका. पन्नास गावांचे आकडे जमले तर त्याची यादी करून सगळ्यांसाठी पेजवर लावतो. ती यादी कोणत्याही कोटेशनपेक्षा आपल्या जास्त उपयोगाची.

राम राम.